दोरीचं दुसरं टोक

गेली सहा वर्षं रोज सकाळी मी डबा घेऊन उज्जैनमध्येच नानाखेड्याला सरांकडे जातो. डब्यात पोहे, वरून बारीक सेव, लिंबाची फोड वेगळी. सर पोह्यांना आधी हातच लावत नाहीत. खुर्चीत नीट सरकून बसतात, चष्मा पुसतात (त्या चष्म्याचा आता काडीचा उपयोग नाही, तरी पुसतात) आणि विचारतात, "काय म्हणतोय आपला परदेसी?"

आता बघा. पोहे मी आणलेले. फोडणीसाठी बायको सहाला उठलेली. बसस्टँडच्या त्या गदारोळातून स्कूटर मी काढलेली. आणि या माणसाच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द निघतो तो समुद्रापलीकडे बसलेल्या त्या परदेसीसाठी! माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पहिल्या दिवशी झाला होता, आजही होतो.

सर म्हणजे आमचे फुटबॉलचे सर. नोकरी रेल्वेत कारकुनाची, पण ती दहा ते पाच. त्याच्या आधी आणि नंतर मैदान. त्यांचे वडील बदलीवर महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. आमचं घराणं तर दरबारात दफ्तर लिहायला आलेलं, म्हणजे आम्ही त्यांच्यापेक्षा दीड-दोनशे वर्षांनी जुने उज्जैनकर. हे मी एकदा त्यांना ठसक्यात ऐकवलं होतं. ते म्हणाले, "मग एवढ्या वर्षांत तुमच्या घरात एकालाही जागेवर उभं राहायला शिकता आलं नाही होय रे?"

कारण मी स्टॉपर होतो. स्टॉपर म्हणजे आपल्या गोलच्या पुढ्यात उभं राहून समोरच्याला अडवणारा. आणि मला उभं राहता यायचं नाही. बॉल दिसला की मी सुटायचो, बैल सुटावा तसा, आणि माझ्या मागे जी जागा मोकळी पडायची तिथून कुणीही यावं आणि गोल मारून जावा. आजही माझा स्वभाव तसाच आहे. बायको म्हणते, तुमचं तोंड आधी जातं, डोकं मागून येतं.

परदेसी सीरियाचा. सरकारी वजिफ्यावर, म्हणजे स्कॉलरशिपवर, इंजिनियरिंग शिकायला आमच्या गावात आला होता. उंच, गोरा, भुवया एकमेकींना भिडलेल्या. पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेला बूट हातात घेऊन उभा राहिला आणि कुणी बोलवायच्या आत सरांनी त्याला बोलावलं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं परदेसी. माझं नाव भाऊ. इथे मराठी माणूस दिसला की तो भाऊच. टीममध्ये मराठी मी एकटा, म्हणून भाऊ मीच.

सरांनी आम्हा दोघांना स्टॉपर केलं आणि पंधरा दिवसांतच त्यांचा जीव उबगला. मग एका सकाळी सर राम घाटावरून एक दोरी घेऊन आले. नावाड्याची जुनी दोरी, पाण्याने काळी पडलेली, पाच-सहा हात लांब. एक टोक त्यांनी माझ्या कमरेला बांधलं, दुसरं परदेसीच्या. म्हणाले, "दोघांच्या मधून बॉल गेला नाही पाहिजे, बस. एक सरकला की दुसऱ्याने सरकायचं. दोरी ताणली तरी चूक, जमिनीला लागली तरी चूक."

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आम्ही दोघं त्या दोरीला बांधलेले होतो. मी बॉलमागे झेप घ्यायचो, दोरी ताणली जायची, आणि दोघंही धाडकन मातीत. तो उठायचा, गुडघे झटकायचा आणि आपल्या त्या मोडक्या हिंदीत म्हणायचा, "भाऊ, भागो मत. देखो." मला असा राग यायचा म्हणता! काल आलेला पोरगा, आणि मला शिकवतोय! माझ्या कमरेला वळ उठले होते. आई हळद लावायची आणि विचारायची, "कुणी मारलं रे तुला?" मी म्हणायचो, सरांनी. एका अर्थी खरंच होतं ते.

पण खोटं कशाला बोलू, संक्रांतीपर्यंत आमच्यामधून मुंगी जाईना. डोळ्यांनी न बघता मला कळायचं तो कुठे आहे. कमरेला कळायचं. दोरी सोडल्यावरसुद्धा कळायचं.

दोरी सोडली त्याच दिवशी सरांनी लाल कापडाची एक पट्टी काढली आणि परदेसीच्या दंडाला बांधली. कप्तान! मी रोज पहाटे येऊन चुन्याने मैदान आखायचो, गोलची जाळी बांधायचो, सरांच्या सायकलमध्ये हवा भरायचो. आणि पट्टी त्याला. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या, आणि घरी येऊन जेवलो नाही. आईला वाटलं पोट बिघडलं, तिने ओवा दिला. पोटातच दुखत होतं, पण ओव्याने जाण्यातलं नव्हतं ते.

चार वर्षांनी तो डिग्री घेऊन परत निघाला. आम्ही सगळे स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी सुटायच्या आधी सरांनी पिशवीतून ती दोरी काढली आणि त्याच्या हातात दिली. तो रडायला लागला. सरांचेही डोळे भरले. या माणसाचे डोळे मी त्याआधी कधी भरलेले पाहिले नव्हते, त्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही. परत येताना मी म्हटलं, "सर, त्या दोरीत माझीही कंबर होती."

सर सायकल ढकलत चालत होते. म्हणाले, "तू कुठे चाललायस? तू तर इथेच आहेस."

खरंच होतं. मी इथेच राहिलो. एका शाळेत खेळाचा शिक्षक झालो, लग्न केलं, पोरांना फुटबॉल शिकवला. आमची टीम तीनदा संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, फायनलला गेली आणि तीनदा हरली. सरांची बायको गेली तेव्हा खांदा मी दिला. त्यांचा मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा गॅसच्या टाकीपासून दवाखान्यापर्यंत सगळं मी बघितलं. यात उपकार काहीच नाहीत, माझे तेच गुरू. पण एकदा तरी, एकदा तरी त्यांनी कुणाला म्हणावं, हा माझा पोरगा. लोक यायचे, सर सांगायचे, "माझा एक पोरगा आहे, सीरियात. स्टॉपर. देशाच्या टीममध्ये खेळला." मी तिथेच चहाचे कप घेऊन उभा. माझी ओळख करून द्यायचे ती अशी: "आणि हा आपला भाऊ."

परदेसी खेळलाही तसा. आपल्या गावच्या क्लबात स्टॉपर, पुढे कप्तान, मग देशासाठी काही सामने. मग तिकडे लढाई पेटली. मैदान बंद, क्लब उठून दुसऱ्या शहरात गेला, आणि कितीतरी महिने त्याचा पत्ता नव्हता. सर तेव्हा धडपणे जेवत नव्हते. रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायचे, आणि मी नकाशावर त्याचं गाव उघडून द्यायचो. मलाही काळजी होती, नव्हती असं नाही. पण त्या काळजीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. त्याच सुमारास मला टायफॉइड झाला होता, तर सर एकदा येऊन दारातून "काय रे, बरा आहेस ना?" म्हणून गेले होते. माणूस बेपत्ता असताना मी टायफॉइडचा हिशोब घेऊन बसलो होतो. लिहितानाही लाज वाटते. पण बसलो होतो.

तो जिवंत होता. गुडघा गेला होता, खेळणं संपलं होतं, आणि एका शाळेच्या सिमेंटच्या अंगणात तो पोरांना शिकवत होता. तिथून तो क्लबच्या छोट्या टीमचा कोच झाला, मग मोठ्या टीमच्या मॅनेजरचा मदतनीस, आणि मग स्वतः मॅनेजर. तिकडे मॅनेजर म्हणजे टीमचा सर्वेसर्वा: कोण खेळणार, कोण बसणार, कसं खेळणार, सगळं त्याच्या हातात. शेवटून दुसरी असलेली टीम त्याने वर आणली. नेमकी त्याच सुमारास सरांची नजर गेली. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, आता यावर इलाज नाही. वाचणं संपलं. आणि त्याच्या बातम्या वाचून दाखवायचं काम कुणाकडे आलं? माझ्याकडे!

बातमी अरबीत असायची. माझा मोबाईल तिची हिंदी करून द्यायचा, आणि मी सरांना मराठीत सांगायचो. म्हणजे तिकडून इकडे येईपर्यंत बातमी शेवटी माझ्या हातात असायची. पहिले काही दिवस मी प्रामाणिकपणे सांगितलं. मग एकदा त्याची टीम तीन-शून्यने जिंकली होती. सर पोह्यांपुढे उत्सुक चेहऱ्याने बसलेले. आदल्याच दिवशी माझी टीम हरली होती आणि सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबरी झाली, सर."

"हं," सर म्हणाले, आणि पोहे खायला लागले.

एवढं सोपं होतं ते. मग मला सवयच लागली. तो जिंकला की मी बरोबरी सांगायचो. तीन गोल असले की एक सांगायचो. क्लबने त्याचा सत्कार केला, तर मी म्हणायचो, "कसलासा कार्यक्रम होता." पेपरवाल्यांनी त्याच्या बचावाची तारीफ केली तर तो परिच्छेद मी अंगठ्याने वर सरकवून द्यायचो आणि पोह्यांना मीठ बरोबर आहे ना ते विचारायचो. हरला तर मात्र हरला असंच सांगायचो. त्यात मी कधी कमी-जास्त केलं नाही. अशा रीतीने उज्जैनमध्ये, एका खोलीत, एका माणसापुरता परदेसी हा अगदी बेताचा मॅनेजर होता.

बायकोला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं, असं मला वाटत होतं.

मग गेल्या वर्षी ती मुलाखत आली. त्याची टीम तिकडच्या एका मोठ्या कपच्या फायनलला पोचली होती आणि कुठल्याशा वार्ताहर बाईने त्याला विचारलं होतं, तुमचे बचावाचे खेळाडू इतके एकदिलाने कसे हलतात? सोबत फोटो होता. हिरव्यागार मैदानावर दोन तरणेबांड स्टॉपर, आणि दोघांच्या कमरेला दोरी. आमची दोरी! नवी होती, निळी, प्लास्टिकची, पण आमचीच. खाली त्याने सगळं सांगितलं होतं. भारतातलं एक शहर, नदी, रेल्वेतले एक कारकून, जे माझे गुरू, माझे दुसरे वडील. त्यांनी मला एका दोरीला बांधलं. बाईने विचारलं, दुसऱ्या टोकाला कोण होतं?

"एक मुलगा," असं त्याचं उत्तर होतं.

एक मुलगा! दसरा ते संक्रांत कमरेला वळ घेऊन फिरलो तो मी, एक मुलगा. मी मोबाईल पलंगावर फेकला. बायको आतून धावत आली, "काय झालं? कुणी गेलं का?" मी म्हटलं, "कुणी जात नाही ना, तेच तर दुखणं आहे!" ही मुलाखत मी सरांना वाचून दाखवलीच नाही. त्या सकाळी सांगितलं, "आज काही नाही, सर."

आणि पुढच्या बुधवारी, इकडे गणपतीचा वार तो, मी चिंतामणच्या गणपतीला गेलो.

आमच्याकडची रीत अशी. काही मागायचं असलं की देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवाने उलटं स्वस्तिक काढायचं. मागितलेलं मिळालं की परत येऊन सरळ काढायचं. काय मागितलं ते कुणाला सांगायचं नाही. कुणी पोरीचं लग्न मागतं, कुणी नोकरी, कुणी मूल. सगळी भिंत लाल. माझ्या शेजारी एक बाई डोक्यावर पदर घेऊन इतक्या तळमळीने मागत होती की तिचे ओठ थरथरत होते. तिच्या बाजूला मी उभा राहिलो, पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेचा मास्तर, आणि बोट कुंकवात बुडवून देवाकडे मागितलं: परदेसी ही फायनल हरू दे. एकदाच हरू दे.

घरी बायकोने विचारलं, "कशाचा नवस?" मी म्हटलं, "सांगायचा नसतो." तिला वाटलं सरांच्या डोळ्यांचा. तिने त्या दिवशी मला दोन लाडू जास्त वाढले.

तो हरला. नुसता हरला नाही, त्याच्या दोन स्टॉपरांच्या बरोबर मधून बॉल गेला, शेवटच्या मिनिटांत, आणि खेळ खलास. लोकांनी बाटल्या फेकल्या. चार दिवसांनी क्लबने त्याला काढून टाकलं. ते वाचताना मी हातातला चहा ठेवून मोठ्याने म्हणालो, "झालं एकदाचं!" बायकोने आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, डबा दे."

त्या दिवशी मी पंधरा मिनिटं आधीच सरांकडे पोचलो. सरांनी चष्मा पुसला. विचारलं, "काय म्हणतोय आपला परदेसी?" आणि मी वाचायला लागलो. सगळं वाचलं. बॉल कुणाच्या पायातून आला, कुठला स्टॉपर सुटला, मधे किती जागा पडली. बाटल्या. अध्यक्ष काय म्हणाले. टीव्हीवाले पुढच्या फाटकाशी उभे होते म्हणून तो मागच्या फाटकाने एकटा चालत गेला, तेही. आवाज दुःखी ठेवला होता मी, पण एकेक शब्द चावून चावून वाचत होतो. सर डोळे मिटून ऐकत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, सर."

"आज एक ओळसुद्धा गाळली नाहीस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मी म्हटलं, "म्हणजे?"

"अरे, बरोबरी झाली म्हणायचास तेव्हा तुझा आवाज चढायचा. माझे डोळे गेलेत, कान नाही." ते शांतपणे बोलत होते, मैदानावर चूक दाखवायचे तसंच. "आणि दर शुक्रवारी त्याचा फोन येतो मला. साडेदहाच्या सुमारास, तू गेलास की. जिंकल्याचं, हरल्याचं, सगळं सांगतो. दोरीचा फोटो छापून आला, तेही त्यानेच सांगितलं."

"मग मला कशाला वाचायला लावायचात रोज?" मी ओरडलोच. चोर पकडला गेला की ओरडतो तसा.

"एखाद्या सकाळी येऊन आपणहून म्हणशील, सर, परदेसी जिंकला. तुझ्या तोंडून तेवढंच ऐकायचं होतं. सहा वर्षं वाट बघतोय." त्यांनी चाचपडत डबा ओढला. "आज वाचलंस खरं पूर्ण. पण वाचलंस ते हरल्याचं."

मी उभा होतो. सर पुढे म्हणाले, "फोन ठेवताना दर वेळी म्हणतो तो, भाऊ को मेरा सलाम बोलना. दर वेळी. मी कसा बोलणार तुला? बोललो असतो तर मला सगळं कळतंय हे तुला कळलं असतं. मग तू माझ्यासमोर उभा राहिला असतास का? म्हणून मीही गाळलं."

"मुलाखतीत तर 'एक मुलगा' म्हणाला," मी म्हटलं. अजूनही तेच ठसठसत होतं, बघा.

"त्या बाईने नाव विचारलं, तर याला तुझं नाव आठवेना. आम्ही कधी भाऊशिवाय हाक मारली का तुला? फार वाईट वाटलं त्याला. मला फोनवर विचारून घेतलं, कागदावर लिहून घेतलं. म्हणाला, पुढच्या वेळी बरोबर सांगीन." सरांनी पोह्यांचा एक घास घेतला. "पुढची वेळ आता कधी यायची ती येवो."

पोहे गार झाले होते. त्यांनी सगळे संपवले. मी डबा धुऊन घेतला आणि निघालो. जिना उतरताना लक्षात आलं. माझे सलाम होते ते. दर शुक्रवारचे. इथेच, या खोलीत येऊन पडत होते, आणि माझ्याच खोटेपणामुळे मला मिळत नव्हते.

त्या शुक्रवारी परदेसीचा फोन आला नाही. मी मुद्दाम थांबलो होतो साडेदहापर्यंत, मग अकरापर्यंत. पुढच्या शुक्रवारीही नाही. सरांच्या मोबाईलवरून मी स्वतः लावला. रिंग जात राहिली. काय बोलणार होतो कुणास ठाऊक, पण लावला. सर म्हणाले, "लाज वाटत असेल त्याला. मला तोंड कसं दाखवू, असं झालं असेल." मग म्हणाले, "तुमचा दोघांचा स्वभाव एकच." एवढ्या वर्षांत त्यांनी आम्हा दोघांना एका वाक्यात घेतलं ते हे पहिल्यांदा, आणि ते असं.

घरी बायको मागे लागली. "झालं एकदाचं म्हणालात ना? नवस पुरा झाला म्हणजे! मग सरळ स्वस्तिक काढून या. देवाचं असं ठेवू नये." तिने दूर्वा बांधून दिल्या, कुंकू दिलं, नारळ दिला. मी म्हटलं जातो, आणि दोन बुधवार टाळले. तिसऱ्या बुधवारी तिने स्कूटरची किल्ली हातातच ठेवली.

भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिलो. माझं कुठलं ते सापडेना. शेकडो उलटी स्वस्तिकं, एकावर एक, आणि कुणाच्या मागणीत काय होतं हे भिंतीकडे बघून कळत नाही. सापडलं असतं तर पुसलं असतं मी ते, ओल्या रुमालाने, लोकांनी काही म्हटलं असतं तरी. मी देवाकडे एक मॅच मागितली होती. त्याची नोकरी नव्हती मागितली, त्याचे शुक्रवार नव्हते मागितले. पण असं देवाशी घासाघीस करून काय होतंय? मागताना माझ्या मनात काय होतं ते मलाही माहीत आहे आणि त्यालाही.

सरळ काढायला हात उठला नाही. देवा, तुझे आभार, असं कुठल्या तोंडाने म्हणू? शेवटी बोट कुंकवात बुडवलं आणि आणखी एक उलटंच काढलं. परदेसीला काम मिळू दे. छोटी टीम चालेल, शाळेचं सिमेंटचं अंगणसुद्धा चालेल. आणि त्याचा फोन येऊ दे. बायकोला सांगितलं, काढून आलो. तेवढं खोटं अजून आहेच माझ्याकडे.

त्याला आता पाच महिने होत आले. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी मोबाईल उघडतो, त्याचं नाव टाकतो, खालपर्यंत सगळं वाचतो. दुसऱ्या मॅनेजरांची नावं येतात, त्याचं येत नाही. मग डबा घेऊन नानाखेड्याला जातो. सर चष्मा पुसतात आणि विचारतात. मी म्हणतो, "आज काही नाही, सर."

आणि सर माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवतात आणि रोज म्हणतात, "नक्की?"